पाटीआधी पाडलेलं भोक

उपसाहेबांनी आधी फाटकाच्या खांबाला भोक पाडलं आणि मग त्या भोकात लावायला पाटी शोधायला निघाले. माणसं साधारणपणे हे उलट करतात. पण खांबावर नावाच्या पाटीखाली वीतभर जागा रिकामी होती आणि ती त्यांना येता-जाता सलत होती. सलण्याचं कारण शेजारच्या फाटकावर होतं. तिथे त्यांचे साडू राहायचे आणि साडूंच्या खांबावर पाट्या मावत नव्हत्या. साडूंचं फर्निचरचं दुकान होतं. कुठला ना कुठला कारखानदार त्यांना ‘उत्कृष्ट विक्रेता’ म्हणून पितळी पाटी देई आणि साडू गाडीतून उतरता उतरता ती खांबाला ठोकून मोकळे होत. मग ती वाकडी बसली तरी पुन्हा बघत नसत.

उपसाहेब हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. विम्याच्या ऑफिसात ते उपव्यवस्थापक होते, म्हणून साडूंनी थट्टेत हे नाव ठेवलं आणि ते असं चिकटलं की आता दूधवालाही त्याच नावाने हाक मारायचा. पण खरं सांगायचं तर ते नोकरीच्या फार आधीपासूनच ‘उप’ होते. शाळेत ते उपमॉनिटर होते. कॉलेजच्या नाटकात मुख्य नटाला ताप आलाच तर असावं म्हणून त्यांच्याकडून सगळं नाटक पाठ करून घेतलं होतं. (नटाची तब्येत शेवटपर्यंत उत्तम राहिली.) लग्नसुद्धा त्यांचं धाकट्या बहिणीशी झालं, कारण थोरली साडूंनी आधीच नेली होती. ही शेवटची गोष्ट ते अर्थात बायकोसमोर काढत नसत. तर अशा माणसाला आयुष्यात एकदा, निदान गल्लीपुरतं तरी, पहिलं यावंसं वाटलं तर त्यात गैर काही नाही. भोक पाडण्याची तेवढी घाई झाली.

पाटी मिळण्याचा रस्ता त्यांना एका ग्रीन कन्सल्टंटने दाखवला. हा गृहस्थ पर्यावरणाच्या काळजीने व्याकूळ झालेला होता आणि ट्रकएवढ्या गाडीतून आला होता. आतला एसी गार राहावा म्हणून बाहेर पडतानाही त्याने इंजिन चालूच ठेवलं होतं. त्याने सांगितलं की एक संस्था घरांची तपासणी करून ग्रीन सर्टिफिकेट देते. पण ते कागदी सर्टिफिकेट काय, कोणालाही मिळतं. या भागातल्या सगळ्यात उत्तम घराला मात्र संस्था दरवर्षी एक सोनेरी पाटी देते, ‘आदर्श हरित घर’ अशी. फक्त एकाच घराला.

“केवढी असते?” उपसाहेबांनी विचारलं.

कन्सल्टंटने हाताने माप दाखवलं. भोकाच्या वरखाली बरोबर बसेल एवढी होती. उपसाहेबांनी पुढचं फारसं काही ऐकलं नाही आणि होकार दिला.

पुढचं ऐकण्यासारखं होतं. गच्चीवर हाय एफिशियन्सी सोलर पॅनेल बसवायची. नळांना पाणी कमी सोडणाऱ्या तोट्या लावायच्या. अंगणात सायकलस्टँड बांधायचं. आमच्याकडे सायकल नाही, असं उपसाहेबांनी सांगून पाहिलं. त्यावर कन्सल्टंट म्हणाला की गुण स्टँडला आहेत, सायकलला नाहीत. सायकल ठेवली तर उलट स्टँडला गंज लागतो. आणि शेवटी मुख्य परीक्षा. मीटरशेजारी एक सीलबंद यंत्र बसणार. महिनाभर घरात किती वीज वापरली हे ते थेट संस्थेला कळवणार आणि त्याचा ग्राफ मालकाच्या मोबाइलवरही दिसणार. त्या विजेला घरात राहणाऱ्या माणसांच्या संख्येने भागायचं. दरमाणशी ज्याची वीज सगळ्यात कमी, त्याची पाटी.

हा भागाकार ऐकून उपसाहेबांना हर्ष झाला. त्यांच्या घरात माणसं चार : ते, बायको, आई आणि कॉलेजातली मुलगी. साडूंच्या घरात दोनच : साडू आणि त्यांची बायको, म्हणजे थोरली ताई. मुलगा लांब नोकरीला. शिवाय साडूंच्या हॉलमधला एसी दुकानाच्या शटरसारखा सकाळी उघडायचा तो रात्रीच बंद व्हायचा. चाराने भागणारा माणूस दोनाने भागणाऱ्याला हरणार कसा?

पॅनेल बसली. काळीभोर, चकचकीत, अख्खी गच्ची व्यापून टाकणारी. एफिशियन्सी जराही वाया जाऊ नये म्हणून कन्सल्टंटने ती अशी दाटीवाटीने बसवली की कडेने चालायचं तर अंग चोरून चालावं लागे. बायको ओल्या कपड्यांची बादली घेऊन वर आली, तिने एकदा गच्चीभर पाहिलं आणि विचारलं, “कपडे कुठे वाळत घालू?”

एवढ्या मोठ्या योजनेत हा प्रश्न कोणालाच सुचला नव्हता. “कपडे वाळवणं हा आता जुना विचार झाला,” असं काहीतरी उपसाहेब बोलून गेले आणि ते बोलणं त्यांना पुढे बरेच दिवस ऐकून घ्यावं लागलं.

इतक्यात दुसरा घोटाळा झाला. शेजारच्या गच्चीवरून साडू हे सगळं कौतुकाने बघत होते. त्यांनी तिथूनच कन्सल्टंटला हाक मारली आणि मलाही हेच लाव म्हणून सांगितलं. किती, कसलं, कशासाठी, काही विचारलं नाही. फक्त पॅनेल उंच लाव, खाली खुर्च्या मावल्या पाहिजेत, एवढी एकच अट घातली. कन्सल्टंटने एफिशियन्सी कमी होईल म्हणून बजावलं. साडू म्हणाले, होऊ दे, सावली तर होईल. त्यांच्याही मीटरशेजारी सीलबंद यंत्र बसलं. म्हणजे उपसाहेबांच्या हिशेबाने सोनेरी पाटी आता एक तर इकडच्या खांबावर लागणार होती नाहीतर तिकडच्या, आणि तिकडच्यांना ती आहे हेसुद्धा नीट माहीत नव्हतं. उपसाहेबांना याचाच जास्त राग आला.

बायको ओली बादली घेऊन सरळ बहिणीच्या घरी गेली. साडूंच्या उंच पॅनेलखाली दोऱ्या बांधून कपडे झकास वाळले. वाळले ते तिथेच, मग घड्याही तिथेच झाल्या आणि इस्त्रीही ताईच्याच टेबलावर झाली. बहिणींना बोलायला आणखी एक कारण मिळालं, एवढीच त्यातली गोष्ट. पण त्या संध्याकाळी उपसाहेबांनी मोबाइलवर आपल्या घराचा ग्राफ उघडला आणि ते खुर्चीत ताठ बसले. रोज इस्त्रीच्या वेळी ग्राफला जो उंचवटा यायचा, तिथे आज सपाट मैदान होतं. मुलगी बारावी पास झाली तेव्हाही त्यांना इतकं बरं वाटलं नव्हतं.

आणि मग त्यांच्या डोक्यात ती गोष्ट आली. इस्त्री इथे झाली नाही, म्हणजे ती तिथे झाली. आपला ग्राफ उतरला, म्हणजे साडूंचा चढला. एका इस्त्रीत दोन कामं. उपसाहेब तसे दुष्ट नव्हते. पण आयुष्यभर दुसरा नंबर काढलेल्या माणसाला पहिल्याला मागे ओढायची संधी घरबसल्या मिळाली, तर तो ती शेजाऱ्याला परत नेऊन देत नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी घरातल्यांवर माया सुरू केली. बायकोला म्हणाले, ताईंचा मिक्सर मोठा आहे, तू उगाच आपल्या छोट्यावर हाल करून घेतेस. आईला म्हणाले, त्यांच्या बाथरूममध्ये धरायला दांडा आहे, अंघोळीला तिकडे जात जा. (हा दांडा बरीच वर्षं तिथे होता. उपसाहेबांना तो आत्ता दिसला.) मुलीला सांगितलं, अभ्यास गारव्यात चांगला होतो, लॅपटॉप घेऊन मावशीकडे बस. आईच्या मालिका तिकडे गेल्या. स्वयंपाक विजेच्या शेगडीवर व्हायचा, तोही गेला. गीझर बंद झाला, वॉशिंग मशीनवर कापड घातलं गेलं.

बायको हे सगळं मुकाट्याने बघत होती. एकदाच तिने विचारलं, “अहो, वीज वाचवायची म्हणता, मग तिकडे जळते ती वीज नसते का?”

“तिकडचा ग्राफ वेगळा आहे,” उपसाहेब म्हणाले.

साडूंना यातलं काहीच कळलं नाही. त्यांना घरात माणसं आवडायची. मुलगा गेल्यापासून हॉल रिकामा वाटतो असं ते अधूनमधून म्हणत. आता हॉलमध्ये आजी मालिका बघत होत्या, कोपऱ्यात भाची अभ्यास करत होती, स्वयंपाकघरात दोघी बहिणी हसत होत्या. साडू खुशीत येऊन एसी आणखी थोडा वाढवत. ते वाढवताना पाहिलं की उपसाहेबांना आनंदाच्या उकळ्या फुटत.

शेवटी राहिला फ्रिज. तो दिवसरात्र ग्राफच्या तळाशी एक बारीक रेघ ओढत बसायचा आणि ती रेघ उपसाहेबांना झोपू देईना. आतलं सगळं सामान ताईंच्या फ्रिजमध्ये हलवलं, फ्रिजचं दार उघडं टाकलं आणि मग आता उरलं काय म्हणून त्यांनी मेन स्विचच पाडला. ग्राफ शून्यावर आला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्यांनी प्रत्येक टेबलापाशी जाऊन ते शून्य दाखवलं. व्यवस्थापक साहेबांनी चष्मा लावून पाहिला आणि मोबाइलची बॅटरी संपली आहे का, असं विचारलं.

मुलीने एकदा त्यांना समजावून पाहिलं होतं. “बाबा, आपल्या गच्चीवर वीज तयार होतेय ना, ती आपण वापरत नाही. मग ती बाहेर तारेत जाते आणि सगळ्यात जवळ जे घर असेल तिथे वापरली जाते. म्हणजे काकांचा एसी आपल्याच पॅनेलवर चालतोय.” उपसाहेबांनी तिला अभ्यास कर म्हणून सांगितलं.

दिवस मावळला की ते बंद पंख्याखाली बनियनवर बसत आणि पॅनेलसोबत आलेल्या माहितीपुस्तकाने वारा घेत. पुस्तक जाड होतं, त्यात उष्णतेपासून पृथ्वीला वाचवण्याचे उपाय दिले होते. शेजारच्या गच्चीवरून हसणं ऐकू यायचं. त्यात आईचंही असायचं. आई एवढं मोठ्याने हसते हे ते विसरूनच गेले होते. ती आताशा तिकडेच झोपायची आणि बायको-मुलगीही कधी कधी तिकडेच राहायच्या. एकदा त्यांना फार एकटं वाटलं. मग त्यांनी ग्राफ उघडून पाहिला आणि जरा बरं वाटलं. जेवायला मात्र ते तिकडेच जायचे. उपाशी राहण्याला संस्थेकडून गुण नव्हते.

महिना संपत आला होता. संध्याकाळी सगळे साडूंच्या गच्चीवर पॅनेलखाली जेवायला बसले होते. डोक्यावर दिवा होता, दोन्ही बाजूंना टेबलफॅन होते. आईने कठड्यावरून खाली पाहिलं आणि म्हणाली, “अरे, तुझ्या फाटकापाशी कोणी बाई उभी आहे. बेल वाजवतेय.”

बेल वाजणार नव्हती. मेन स्विच पडलेला होता.

“विकायला आली असेल काहीतरी,” उपसाहेब म्हणाले. तोंडात घास होता, उठायचा कंटाळा होता. त्यांनी बसल्या जागेवरूनच खणखणीत आवाज दिला, “घरात कोणी नाही. नंतर या.”

बाईने वर पाहिलं, मान हलवली, हातातल्या टॅबवर काहीतरी टिपलं आणि ती साडूंच्या फाटकाकडे वळली. साडूंची बेल वाजली. ताई खाली जाऊन तिला वर घेऊन आली आणि म्हणाली, “अहो, या संस्थेच्या तपासनीस मॅडम. घर बघायला आल्यात.”

उपसाहेबांच्या तोंडातला घास तिथेच थांबला.

साडूंनी मॅडमना खुर्ची दिली, ताट वाढायला सांगितलं, मॅडमनी नको म्हटल्यावर पुन्हा सांगितलं. मॅडम शांत बाई होत्या. घर त्यांनी खाली हिंडून पाहिलंच होतं. आता फक्त एकच विचारायचं आहे, म्हणाल्या, इथे राहतं कोण कोण?

“हे काय, सगळे समोरच आहेत,” साडू म्हणाले.

मॅडमनी आईला विचारलं, “आजी, तुम्ही इथेच राहता?”

“सकाळी अंघोळीपासून इथेच असते,” आई म्हणाली. “झोपतेही इथेच. इथे पंखा आहे.”

मॅडमनी टिपून घेतलं. मुलीकडे पाहिलं तर तिची पुस्तकं, चार्जर आणि उशी गच्चीवरच पडलेली होती. तिला काही विचारावंच लागलं नाही. उपसाहेबांच्या लक्षात आलं की आपली माणसं एकेक करून साडूंच्या बाजूला जमा होत आहेत. त्यांचा चार हा भाजक डोळ्यांदेखत पलीकडे चालला होता. ते हातातलं पाणी सांडत उभे राहिले.

“मॅडम, गैरसमज होतोय. ही माणसं माझी आहेत. आम्ही शेजारच्या घरात राहतो.”

“शेजारच्या?” मॅडम म्हणाल्या. “तिथे कोणी नाही असं मला आत्ताच वरून कोणीतरी सांगितलं.” मग जरा थांबून म्हणाल्या, “तुमचाच आवाज होता.”

“मी फक्त त्या क्षणाची परिस्थिती सांगितली.”

“यंत्रही तेच सांगतंय. इतके दिवस शून्य. साहेब, कंजूस माणसाचा आकडा कमी येतो. शून्य फक्त कुलपाचं येतं. कुलूपबंद घराला पाटी द्यायची तर आम्हाला सगळी गोदामं आधी घ्यावी लागतील.”

“शून्य आलंय ते बचतीमुळे.”

“बरं. मग तुमचा स्वयंपाक, अंघोळी, इस्त्री हे सगळं होतं कशावर?”

खरं उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं आणि ते आत्ता डोक्यावर दिव्यासारखं लखलखत होतं. ते दिलं तर महिनाभर साडूंच्या विजेवर जगून साडूंनाच पाडायचा बेत होता, हे साडूंच्या गच्चीवर, साडूंचं जेवण जेवता जेवता सांगावं लागलं असतं. उपसाहेबांनी बायकोकडे पाहिलं. इतकी वर्षं संसार केल्यावर अशा वेळी बायको नवऱ्याला सावरून घेते, असा त्यांचा समज होता.

बायकोने हातातला डाव खाली ठेवला.

“लिहा मॅडम, आम्ही इथेच राहतो,” ती म्हणाली. “महिनाभर मला त्या घरात साधा दिवा लावू दिलेला नाही. जिथे दिवा लावायची चोरी, तिथे राहतो असं कोणत्या तोंडाने सांगू?”

एवढं बोलून तिने डाव उचलला आणि उपसाहेबांच्या ताटात भाजी वाढली. त्यांना कधी नव्हे ते तिच्या नजरेला नजर देता आली नाही. ते खाली बसले.

“आणि हे?” मॅडमनी टॅबवरचं बोट उपसाहेबांकडे केलं.

“हेही आमचेच,” साडू मोठ्या मनाने म्हणाले. “मी घरातला पहिला धरलात तर हे दुसरे.”

मॅडमनी सहाने भागलं. एसी, दोन टेबलफॅन, मिक्सर, मालिका, गीझर, सगळं धरूनही सहा जणांत ते असं पातळ झालं की या भागात कोणाच्याच घरी दरमाणशी इतकी कमी वीज निघाली नाही. मॅडमनी साडूंचं अभिनंदन केलं आणि एकत्र राहण्यासारखी बचत नाही म्हणाल्या. साडूंनी पाटी दुसऱ्या रंगात मिळते का, एवढं विचारून घेतलं.

त्या रात्री उपसाहेबांनी मेन स्विच वर केला. घरभर दिवे लावले, पंखे लावले, फ्रिजचं दार लावलं आणि मग बायकोला बोलवायला गेले. चल घरी, एवढंच त्यांना म्हणता आलं. कपडे वाळतील एवढी पॅनेल उंच करून घ्यायची, हे बायकोने त्यांच्याकडून तिथेच, ताईसमोर कबूल करून घेतलं आणि मग ती उठली. मुलगीही पुस्तकं गोळा करून आली. आई म्हणाली, मी मालिका संपली की येईन. ती कोणती मालिका हे तिने सांगितलं नाही आणि विचारायची उपसाहेबांना हिंमत झाली नाही.

सोनेरी पाटी आली तेव्हा अडचण उभी राहिली. साडूंच्या खांबावर जागाच नव्हती. एखादी जुनी पाटी काढायची तर खालची फरशी निघत होती. साडूंनी इकडेतिकडे पाहिलं आणि त्यांना शेजारच्या खांबावरचं भोक दिसलं. ते स्क्रूड्रायव्हर घेऊनच आले.

“उपसाहेब, तुमच्याकडे भोक तयारच आहे की. का पाडलं होतंत?”

उपसाहेबांनी पाटी धरायला हात पुढे केला. महिनाभर ज्याची वीज आणि अन्न खाल्लं, त्याला भोक नाकारणार कसं? पाटी अगदी बरोबर बसली, तसूभरही वाकडी नाही. वर ‘आदर्श हरित घर’, खाली साडूंचं नाव, आणि लोकांचा गोंधळ नको म्हणून साडूंनी दुकानातल्या रंगाऱ्याकडून खाली एक बाण काढून घेतला, शेजारच्या घराकडे दाखवणारा.

उपसाहेबांनी अजून हार मानलेली नाही. संस्थेच्या दफ्तरी त्यांच्या घराची नोंद ‘बंद घर’ अशी झाली आहे आणि पुन्हा तपासणी करून घ्यायची तर घरात माणसं राहतात हे आधी यंत्राला पटवावं लागतं. कन्सल्टंटने तसा निरोपच धाडला. तेव्हापासून उपसाहेब घरात कुठे ना कुठे काहीतरी चालू ठेवतात. पोर्चमधला दिवा तर भर दुपारीही जळत असतो.

परवाच पलीकडच्या गल्लीतलं एक जोडपं पाटी बघायला आलं. उपसाहेब अंगणात रिकाम्या सायकलस्टँडजवळ उभे होते. त्यांनी सभ्यपणे बाण दाखवला आणि आदर्श घर ते शेजारचं, म्हणून सांगितलं. जोडपं तिकडे निघालं. जाता जाता बाईने उन्हात जळणाऱ्या दिव्याकडे पाहिलं, मग उपसाहेबांकडे पाहिलं.

“काका, तो दिवा बंद करा की,” ती मायेने म्हणाली. “एवढे चांगले शेजारी लाभलेत तुम्हाला. त्यांच्याकडून काहीतरी शिका.”